मागच्या वेळची माफी

साळवे सर गेल्याचं मला कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळची घाई, एका शेगडीवर पोहे, दुसरीवर चहा, आणि फोन सारखा टणटणत होता. आमच्या त्या ग्रुपवर दिवस उजाडला की 'तातडीचे' सुरू होतं. कुणाची माहिती यायची राहिली, कुणाचे फोटो चढवायचे राहिले, कुणाचा तालुका मागं पडला... त्याच ओळीत कुणीतरी लिहिलं होतं, 'आपले सहकारी श्री. उत्तम साळवे सर यांचे आज पहाटे हृदयविकाराने दुःखद निधन झाले.' आणि त्याखाली धडाधड उत्तरं आली होती. 'ओके सर.' 'ओके सर.' 'नोंद घेतली.' वरून काहीही आलं की न वाचता खाली ओके टाकायचं, ही आमची इतक्या वर्षांची सवय. त्यातला दुसरा ओके माझा होता. पोहे हलवता हलवता अंगठ्यानं टाकलेला. चहा गाळताना नीट वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले. तो ओके पुसला, पण पुसल्याची ओळ तिथं राहतेच की! रडू नंतर आलं. आधी लाज वाटली, हे खरं सांगते. तेव्हापासून काही आठवडे झाले, ती लाज उतरायचं नाव घेत नाही. उलट चढतच गेली. ती कशी, ते सांगायला बसले आहे.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. माझ्या सख्ख्या भावाला अजून वाटतं मी शाळेत शिकवते. सरकार बदललं, मंत्री बदलले, की देशाच्या शिक्षणात आता कशाला अग्रक्रम द्यायचा हे नव्यानं ठरतं. कधी कृतीतून शिक्षण, कधी ज्ञानरचनावाद, कधी वाचन, कधी अ‍ॅप, कधी मातृभाषा, कधी कौशल्य. ते ठरतं दिल्लीत, मुंबईत. तिथून ते जिल्हा परिषदेच्या वर्गापर्यंत पोचवायची जी लांबलचक साखळी आहे, त्यातली शेवटून दुसरी कडी आम्ही, विषय सहायक. गुरुजींना आणि बाईंना हॉलमध्ये बोलवायचं, स्लाइड दाखवायच्या, गट पाडायचे, चार्ट पेपर आणि स्केचपेन वाटायचे, दुपारी जेवण, संध्याकाळी सामूहिक फोटो. झालं शिक्षण सुधारून! साळवे सर या कामात माझ्या कितीतरी आधीपासून होते. राहायला भावसिंगपुऱ्यात, घरात शिकलेले ते पहिलेच. माणूस सडपातळ, आवाज बारीक, माईक दिला तरी मागच्या रांगेला ऐकू जायचं नाही. मला ते शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हणाले. मी त्यांच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, खेड्यातल्या शाळेतून नुकती शहरात आलेली, तरी 'जाधव मॅडम, जरा इकडं बघता का?' असंच.

त्यांचं पहिलं सत्र मी ऐकलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं काहीतरी बिनसलंय. हॉल गच्च भरलेला. स्वागत, पुष्पगुच्छ, साहेबांचं भाषण, सगळं यथासांग झालं. मग सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नवीन सांगायच्या आधी मागच्या वेळचं. मागच्या प्रशिक्षणात मी तुम्हाला म्हणालो होतो, पाढे पाठ करून घेऊ नका, पोरांना समजू द्या. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मीच जोशात बोललो. नंतर मी काही शाळांत जाऊन बसलो. पोरं सात आठे काढायला गोल गोल काढत बसतात, तोवर तास संपतो. माझं चुकलं. पाढे म्हणून घ्या. माफ करा." आणि हात जोडले. मी बघतच राहिले. अहो, आमच्या खात्यात कुणी माफी मागतं का कधी? चुकलं तर खुलासा देतात! हॉलमध्ये आधी खसखस पिकली, मग हळूहळू सगळे गप्प झाले. पुढच्या वेळी तेच. "मागच्या वेळी मी फरशीवर तक्ते रंगवायला सांगितलं होतं. तुम्ही पदरचे पैसे घालून रंगवले. पण पोरं फरशीवरच बसतात, तक्ता त्यांच्या बुडाखाली जातो. हे माझ्या टकुऱ्यात आलं नाय. माफ करा." यावर गुरुजी लोक इतके हसले, इतके हसले... आणि मग खरोखर कान देऊन ऐकायला लागले. प्रशिक्षणात मागं बसून शेंगा खाणारी मंडळी ती, पण सरांच्या सत्राला शेंगा पिशवीत जायच्या.

मी त्यांना चिडवायचे. "सर, माफीनाम्याचंच एक प्रशिक्षण घेऊ या का?" ते हसून म्हणायचे, "घेऊ की! तुम्ही साधनव्यक्ती व्हा, सत्र तुमचंच." पण एकदा औरंगपुऱ्यात आम्ही घटकसंचांच्या, म्हणजे प्रशिक्षणाच्या पुस्तिकांच्या, झेरॉक्स काढायला गेलो होतो, मशीन गरम झालं म्हणून दुकानदारानं थांबवलं होतं, तेव्हा मी नीट विचारलं. म्हटलं, सर, धोरण तुम्ही केलं का? मग माफी तुम्ही कशाला मागता? तर म्हणाले, "मॅडम, डॉक्टर औषध बदलतो तेव्हा आधीच्या गोळ्या बंद करा, एवढं तरी सांगतो. आपण तेवढंही सांगत नाय. मागचं चुकलं असं कुणी म्हणतच नाय, नुसतं नवं देत जातो. मास्तरच्या खिशात सगळ्या गोळ्या साठल्यात. कोणती कधी द्यायची त्याला कळंना झालंय." मला ते पटलं होतं. पटलं आणि मी झेरॉक्सचे गठ्ठे मोजायला लागले. आमचं पटणं असंच असतं, तिथल्या तिथं विरतं.

सरांची माफी नुसती तोंडाची नव्हती. एखादं प्रशिक्षण झालं की महिना-दोन महिने जाऊ द्यायचे आणि मग निघायचे. जुनी स्कूटर, मागं डबा. न सांगता शाळेत जायचे, मुख्याध्यापकांना म्हणायचे, "तपासणी नाय हं, चहाबिहा नको," आणि वर्गात मागं पोरांमध्ये मांडी घालून बसायचे. दिवसभर. कार्यालयात याला नाव पडलं होतं, 'साळवे सरांची दुसरी इयत्ता'. नापास झाल्यासारखे पुन्हा पुन्हा जाऊन बसतात म्हणून. हसणाऱ्यांत मीही होते. मी म्हणायचे, अहो सर, प्रवासभत्तासुद्धा मिळत नाही, काय गाडी झिजवता? त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पेरून आलो, उगवलं काय ते बघायला नको व्हय?"

एकदा मात्र ते वाळूजहून परत आले ते डबा न उघडताच. तेव्हा वाचनाचा अग्रक्रम होता. प्रत्येक मुलाची पातळी काढायची, अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, आणि पातळीप्रमाणे गट करून बसवायचं. चांगली गोष्ट होती, आजही मला ती चांगलीच वाटते. वाळूजच्या त्या शाळेत कंपन्यांतल्या कामगारांची मुलं. सर मागं जाऊन बसले, शेजारच्या पोरीला नाव विचारलं, तर ती म्हणाली, "मी अक्षरवाली." सरांनी पुन्हा विचारलं, बाळा, नाव काय? तर बाजूचा मुलगा म्हणाला, "सर, ती अक्षरवालीच हाय, मी वाक्यवाला." मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना हाका मारत होती, 'ए शब्दवाल्या, बॉल दे.' सर मला हे सांगत होते आणि त्यांचा आवाज आणखी बारीक होत चालला होता. "गट पाडायला मीच शिकवलं मॅडम. मास्तरनी तेवढंच केलं. त्या लेकराला स्वतःचं नाव सांगावंसं वाटलं नाय..." पुढच्या प्रशिक्षणात त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं आणि हात जोडले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे साहेब घड्याळ बघत होते.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्याही वर साहेब आहेत, एवढंच. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी सही घ्यायला तिथंच उभी होते. साहेब म्हणाले, "साळवे, शासनाचे प्राधान्यक्रम असतात. त्याबद्दल माफी मागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? उद्या कुणी व्हिडिओ काढला म्हणजे?" सर म्हणाले, "साहेब, शासनाच्या वतीनं नाय मागत. माझी मागतो." साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आणि पुढचं प्रशिक्षण लागलं तेव्हा सत्रांच्या वाटपात सरांच्या नावापुढं होतं, 'नोंदणी व भोजन व्यवस्था'. त्यांचं सत्र माझ्याकडं आलं होतं. नव्या धोरणातला सगळ्यात मोठा विषय होता तो, मुलाच्या भाषेतून शिक्षण. मी नाही म्हणायला हवं होतं का? म्हणायला हवं होतं. पण मी काय केलं, तर सरांकडं जाऊन म्हणाले, "सर, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" म्हणजे परवानगीही त्यांच्याकडूनच काढून घेतली! ते म्हणाले, "छे छे, चांगलं सत्र आहे. तुमचा आवाजही मोठा आहे." बिचारे.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. सर दारात टेबल टाकून बसले होते, येणाऱ्या शिक्षकांना पेन आणि फोल्डर देत होते. जुने गुरुजी विचारत होते, "सर, आज तुम्ही बोलणार नाय?" ते म्हणत होते, "आज मॅडम हायेत. मॅडम झकास बोलतात." आणि बोललेच मी झकास. स्लाइड देखण्या होत्या, आवाज खणखणीत, मधूनमधून विनोद. मूल ज्या भाषेत स्वप्नं बघतं त्या भाषेत त्याला शिकू द्या, वगैरे. मागच्या वेळचं असं मी काही काढलं नाही. साहेब पुढं बसले होते. जेवणाची वेळ झाली होती, बाहेर भाजीचा वास सुटला होता, तेवढ्यात खुलताबादकडच्या एका वस्तीशाळेचे मुख्याध्यापक उठले. साधा, सरळ, नियमाला धरून चालणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, आमची मराठी शाळा हाय. पण काही मुसलमान पोरं घरी दखनी बोलतात, उर्दूच्या वळणाची. त्यांचं काय करावं?" खरं तर हाच त्या दिवसाचा प्रश्न होता. यावर बसून बोलायला हवं होतं. त्या पोरांशी वर्गात त्यांच्या बोलीत बोला, गोष्टी सांगू द्या, त्यातून मराठीकडं न्या, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी म्हणाले, "मातृभाषा म्हणजे मातृभाषा, सर. मुलाला त्याच्या भाषेतून शिकायचा हक्क आहे. धोरणात स्पष्ट आहे. चला, जेवायला चला." टाळ्या पडल्या. मी दारातून बाहेर पडले तेव्हा सर पत्रावळ्या मोजत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "शेवटचा प्रश्न काय होता, मॅडम?" मी म्हणाले, काही नाही हो, नेहमीचंच.

पुढं पावसाळा सरत आला आणि सरांचे फोन सुरू झाले. "मॅडम, खुलताबादला जायचं का एकदा?" मी म्हणायचे, बघते. मग, "या आठवड्यात जमंल का? माझ्या स्कूटरवर नको, तुम्ही तुमच्या गाडीनं या." मी म्हणायचे, ऑनलाइन माहिती भरायची आहे सर, बघते. गणपती झाले, दसरा झाला. एकदा चिडून विचारलं मी, "काय आहे तिथं एवढं? सांगा ना फोनवर." म्हणाले, "मी सांगितलं तर ते मी सांगितलेलं होईल मॅडम. तुम्ही बघितलेलं नाय होणार." मला त्याचा रागच आला, खोटं कशाला बोलू? वाटलं, सत्र हातातून गेलं म्हणून सरांना मला शाळेत नेऊन माझी चूक दाखवायची आहे. म्हाताऱ्या माणसाचा हेका. असलं मनात आलं माझ्या... दिवाळीनंतर एकदा जिन्यात भेटले. दमलेले दिसत होते, कठड्याला धरून उभे राहिले. मी म्हटलं, तब्येत दाखवा. ते म्हणाले, "दाखवतो. तुम्ही एकदा तिकडं जाऊन या तेवढं." तीच शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी भावसिंगपुऱ्यात गेले. लहानसं घर, अंगणात मांडव, खुर्च्यांवर जिल्हाभरातले शिक्षक. एवढे शिक्षक तर मी शिक्षक दिनाला बघितले नव्हते. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "लई फिरत होते वो शेवटी. आठवड्यातून दोनदा खुलताबाद. मी म्हणायची, आता सत्र नाय काय नाय, कशाला मरमर करता? तर म्हणायचे, मॅडमचं प्रशिक्षण झालंय तिकडं, ते बघाया जातो." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला काय वाटलं असेल, सांगू? मला वाटलं, सर माझं कौतुक करायला जात होते! माझं पेरलेलं कसं छान उगवलंय ते बघायला! कपाळ माझं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, बघ, सरांना माझ्याबद्दल किती आपुलकी होती.

मग गेल्या पंधरवड्यात पुढचं प्रशिक्षण लागलं. सत्र पुन्हा माझंच. सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली झाली, फोटोला हार घातला, साहेब चांगलं बोलले. मी माईक हातात घेतला, पहिली स्लाइड लावली, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. शेख नसीमबाई, त्याच खुलताबादकडच्या वस्तीशाळेत शिकवतात. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज शांत. म्हणाल्या, "मॅडम, साळवे सर होते तवा आधी मागच्या वेळचं व्हायचं. तुमचं राहिलं." सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. साहेब बघत होते. हारातल्या फोटोकडं बघायची माझी छाती झाली नाही. मी म्हणाले, "हो... मागच्या वेळी माझ्याकडून काही चुकलं असेल, तर मोठ्या मनानं समजून घ्या." आणि हात जोडले. आपली शिक्षक मंडळी भली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नसीमबाई उभ्याच होत्या. टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या, "सर 'असेल तर' नाय म्हणायचे." आणि बसल्या. त्यानंतरचं सत्र मी कसं घेतलं ते मला आठवत नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. रागानंच गेले होते. म्हटलं, बाई, भर सभेत असं बोलण्यापेक्षा काय चुकलं ते तरी सांगा. त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाला खरंच म्हाईत नाय?" मग सांगितलं. मुख्याध्यापक त्या दिवशी माझं उत्तर ऐकून शाळेत गेले होते, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दखनी बोलणाऱ्या चार पोरांच्या आईबापांना बोलावून घेतलं होतं. नवं धोरण आलंय, तुमची मातृभाषा वेगळी आहे, तुमच्या लेकरांचा हक्क उर्दू शाळेत आहे. मन मारून नाही, आनंदानं सांगितलं. लेकरांचं भलं करतोय असंच त्यांना वाटत होतं. लोकांना वाटलं सरकारचा हुकूम आहे. त्यांनी दाखले काढले आणि मुलं लांबच्या शाळेत नेऊन घातली. आता बघा, घरी दखनी बोलणारं मूल काही जन्मतः उर्दू वाचत नाही. तिसरीत मराठीचं पुस्तक धडाधड वाचणारी मुलगी तिकडं पहिलीच्या मुलांमध्ये अलिफ-बे गिरवायला बसली. तिथल्या शिक्षकांचा काय दोष? ते तरी काय करणार? नसीमबाई रजेवर होत्या. परत आल्या तोवर चार जागा रिकाम्या. "मी हेडसरला बोलले, सर, माझी पण मातृभाषा तीच आहे, मग मला पण भेजते काय तिकडं? ते बोलले, मॅडमनी सांगितलं हाय, धोरणात स्पष्ट हाय."

हे सरांना कळलं ते असेच एक दिवस वर्गात मागं जाऊन बसले तेव्हा. मग शेवटपर्यंत ते त्याच कामात होते. मुख्याध्यापकांना समजावलं, त्या उर्दू शाळेत गेले, इकडच्या दाखल्याचा कागद, तिकडच्या ऑनलाइन नोंदीची खटपट, घराघरांत जाऊन आईबापांची समजूत. आठवड्यातून दोनदा, स्कूटरवर, छातीत दुखत असताना. दोन मुलं परत आणली. दोन राहिली, त्यांचे तिकडचे दाखले ऑनलाइन नोंदीत अडकले म्हणून. मी नसीमबाईंना विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले? एवढं सगळं ऐकूनही मला तेच विचारायचं सुचलं, बघा. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव नाय घेतलं कधी. लोकांच्या दारात हात जोडायचे आणि बोलायचे, आमच्या प्रशिक्षणात चुकलं." मला तिथंच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी मला फोनवर का सांगितलं नाही ते तेव्हा कळलं. मी स्वतः गेले असते, एकदा, गणपतीच्या आधी, तर चारही मुलं दसऱ्यापर्यंत आपल्या वर्गात बसली असती. माझा आवाज मोठा आहे ना!

परवा मी गेले. वरातीमागून घोडं. नसीमबाई बरोबर होत्या. खुलताबादच्या अलीकडं रस्ता सोडून आत, सीताफळांच्या बागांच्या कडेनं वस्ती लागते. दोन मुलांपैकी एकाचे आईबाप कामाला बाहेरगावी गेले होते, त्याच्या घराला कुलूप. दुसरं घर त्या तिसरीतल्या मुलीचं. तिचं नाव सानिया. दारात पाण्याच्या टाकीपाशी भांडी घासत बसली होती. दुपारची वेळ, म्हणजे शाळेची. तिकडच्या शाळेत ती दिवाळीपासून गेलीच नव्हती. लहान पोरांत बसायची लाज वाटते म्हणे. लाज तिला! आईनं आतून प्लास्टिकची खुर्ची आणून मला दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ करून आले होते. 'असेल तर' वगैरे काही नाही, अगदी सरांसारखं. मी खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "मी त्या मॅडम. प्रशिक्षणात मी चुकीचं सांगितलं, न विचार करता. तुमच्या मुलीचं वर्ष माझ्यामुळं गेलं. मला माफ करा." मनापासून म्हणाले, सोंग नव्हतं. मुलीनं भांडं घासायचं थांबवून माझ्याकडं बघितलं.

तिच्या आईवर मात्र काही परिणाम झाला नाही. तिनं पदर सारखा केला. रागावली नव्हती ती. दमलेल्या माणसासारखी बोलली.

"वो बुड्ढे सर भी बोले थे. यहींच खड़े रह के, ऐसेच हात जोड़ के. कित्ते बार माफी मांगते तुम लोगां? दाखला कब देते, वो बोलो."

मी नसीमबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. त्याही माझ्याच तोंडाकडं बघत होत्या, उत्तर ऐकायला.